झकास झालंय

करोना आला, पंधरा दिवस राहिला आणि जाताना माझी चव आणि वास घेऊन गेला. त्याला आता आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते नाही म्हणाले. मला फारसं काही वाटलं नाही. चहा गरम लागायचा, पाणी गार लागायचं, एवढ्यावर माणसाचं भागतं.

आमच्या ह्यांचं मात्र भागेना. हे म्हणजे दामोदर मास्तर, रोह्याला भूगोल शिकवून रिटायर झालेले. जिल्ह्याचा नकाशा काढला, लाल पेनाने गावांना गोल केले आणि जाहीर केलं, "श्यामला, दर रविवारी एक बाजार. कुठे ना कुठे तुझी जीभ दचकेल."

पहिल्या रविवारी खांबचा बाजार. तिथे मी कच्चं कारलं काकडीसारखं कचाकचा खाल्लं. भाजीवालीने ह्यांना बाजूला घेतलं. "मास्तर, बाईला बाहेरचं काय लागलंय काय?"

दुसऱ्या रविवारी वडखळ. लोणचेवाल्या काळुरामने लवंगी मिरचीचा ठेचा पुढे केला. तोंडाला आग लागली हे कळलं, कशाने लागली ते कळलं नाही. मी आपली खात राहिले. काळुराम स्टुलावर चढला. "बघा, बाईमाणूस चमच्याने खातेय! हाय का कोण मर्द?" तीन मर्द निघाले. तिघांनाही नळाखाली धरावं लागलं. काळुरामने आम्हाला एक बरणी फुकट दिली आणि पुढच्या रविवारी यायचा आग्रह केला.

मी जात होते, खात होते, परत येत होते. मला एकाच गोष्टीचा आधार होता. जीभ गेली तरी हात शाबूत होता. चौतीस वर्षांचा अंदाज. रोज पहिला घास घेतला की हे म्हणायचे, "झकास झालंय." तो शब्द नसता, तर स्वयंपाकघरात उभं राहायला मला काही कारणच उरलं नसतं.

तिसऱ्या रविवारी पेण. सुक्या मासळीच्या ओळीत शिरलो तसा ह्यांनी नाकाला रुमाल लावला. मी बोंबलांच्या ढिगाशी नाक नेऊन उभी. विकणारी सगुणा खूश झाली. "बस गो बाय, तुज्यासारका गिऱ्हाईक नाय बघला. बाकीची लांबूनच भाव करतात."

जेवायची वेळ झालीच होती. तिच्याच सावलीत बसलो. मी डबा उघडला. वालाचं बिरडं, माझं नाव घेऊन लोक मागायचे ते. थोडं सगुणाला दिलं.

तिने घास तोंडात घातला आणि ती थांबली. गिळावं की नको, तिला ठरवता येईना. मग पलीकडच्या बाईला म्हणाली, "जने, चाख गो."

जनीने चाखलं. "हे धुऊन खायाचं काय?"

"माजा बाप मिठागरावर, नवरा मिठागरावर," सगुणा मला म्हणाली. "आमच्या तोंडाला खारट लागंल असं काय नसतं गो. पन हे हाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बोंबील मोजत होते.

"कधीपासून?"

"अगं, आजच जरा—"

"कधीपासून?"

"तू बरी होऊन स्वयंपाकाला लागलीस ना, तेव्हापासून. कधी मीठ दोनदा पडतं. कधी पडतच नाही."

म्हणजे जेवताना तीन-तीन तांबे पाणी जायचं ते यासाठी. मला सांगितलं होतं, डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितलंय.

"तुला वाईट वाटलं असतं," हे म्हणाले.

मी थोडा वेळ वाट बघितली. वाईट वाटायला हवं होतं. काही आलं नाही. "वाटलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले आणि डबा बंद केला.

"मास्तर," सगुणा म्हणाली, "बाईची जीभ गेली. तुमची हाय ना? मग त्या जिभेचं काय लोणचं घालताय?"

दुसऱ्या दिवशी मी परत बिरडं केलं आणि ह्यांना ओट्याशी उभं केलं. तळहातावर थेंबभर घातलं.

"झक—"

मी पळी वर धरली. ह्यांनी परत चाखलं. या वेळी बराच वेळ लावला. "अळणी आहे."

मीठ घातलं. "आता?"

"अजून चिमूटभर."

"आता?"

"आता मीठ बरोबर." एवढ्यावर थांबायचं, पण मास्तरांना खरं बोलायची चटक लागली. "फक्त खोबरं जास्त झालंय, श्यामला. आणि वाल थोडे कच्चे राहिलेत. ते काय, तुझ्या बिरड्यात नेहमीच..."

"नेहमीच?"

हे दाराकडे बघायला लागले.

"नेहमीच म्हणजे करोनाच्या आधीपासून?"

मी गॅस बंद केला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ह्यांच्यापुढे ठेवलं.

"बसा," मी म्हणाले. "लग्नापासून सुरू करा."