दुकानाची पाटी

माझं लॉन्ड्रीचं दुकान. त्याला पाटी नव्हती, पण मला लेक होती. रांगायला लागल्यापासून एका जागी ठरेना, म्हणून आत्यानं तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. ती चार वर्षांची झाली आणि मी तिला रोज पांढरा फ्रॉक घालू लागलो. नीळ माझी, खळ माझी, इस्त्रीही माझीच. वर सांगायचो, "तू आपल्या दुकानाची पाटी. पाटीवर डाग पडू द्यायचा नाही." रस्त्यानं माणसं वळून बघायची. माझीच छाती फुगायची.

परवा बालवाडीचे पडदे धुऊन पोचवायला गेलो. बाई म्हणाल्या, "पोरं मागं आहेत. बघून तर या."

मागं एक म्हातारं झाड, जमिनीवर आलेल्या त्याच्या मुळ्या आणि नळाखाली चिखल. अनवाणी पोरं मुळ्यांवर चढत होती, घसरत होती, ढुंगण झटकून पुन्हा चढत होती. भिंगरी मात्र एका फरशीवर उभी, फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत गोळा करून. एका पोरानं तळहातावरचं गांडूळ तिच्यापुढं धरलं.

"घे ना. गुदगुल्या करतं."

"मला नको," ती शहाण्यासारखी म्हणाली. "मी पाटी आहे."

डोळे मात्र त्या गांडुळावरून हलेनात.

"तुमच्या इस्त्रीला तोड नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "पोरीलासुद्धा घडी पडलीय."

मी हसलो. हसायला नको होतं.

"तीन महिने ती त्या फरशीवर आहे. बाकीची रोज पडतात, म्हणून त्यांना पडता येतं, उठता येतं. ही गेल्या आठवड्यात सपाट व्हरांड्यात पडली. गुडघा फुटला. रडली नाही. थुंकी लावून फ्रॉकच्या कडेचं रक्त पुसत बसली."

तो डाग मला आठवला. "कशाचा गं हा?" मीच विचारलं होतं. ती म्हणाली, "माहीत नाही." मी मीठ लावलं, गार पाण्यात भिजवला, डाग काढला आणि खूश झालो. डाग पाहिला, गुडघा पाहिला नाही.

पडदे बाईंच्या हातात दिले आणि तसाच, कडक पांढऱ्या सदऱ्यानिशी, चिखलात जाऊन बसलो. पोरं खिदळली.

"भिंगरे, ये गं."

ती धावत आली. मला वाटलं, खेळायला आली. तिचा चेहरा उतरला होता. बोट तोंडात घालून ओलं केलं आणि ती माझ्या बाहीवर उडालेला चिखलाचा डाग घासायला लागली.

"थांब हं बाबा. हलू नको. निघेल."

मला तिच्याकडे बघवेना. मान खाली गेली, तेव्हा तिचे अनवाणी पाय दिसले. घोट्यापर्यंत चिखलात. तिला पत्ताच नव्हता, पण पायाची बोटं चिखलात उघडमीट करत होती.

मी हललो नाही. डाग लवकर निघू नये, एवढंच मनात म्हणत बसून राहिलो.