हर्षालीच्या भांगातली बांबूची फणी

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. बांबूची. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. मोखाड्याजवळच्या पाड्यावर सुकऱ्याने कोयत्याने माझा एकेक दात कातरला, चुलीवरच्या धुरात मला सुकवलं आणि आपल्या बहिणीच्या, माघीच्या लग्नात तिच्या हाती दिलं. तीस वर्षं मी माघीचे दाट केस विंचरले. पाहुण्या बायका म्हणायच्या, "फणी चांगली म्हणून केस चांगले." मी फुगून जायची.

मग माघीच्या खोडाळ्याच्या घरात सून आली, हर्षाली. जव्हारच्या कॉलेजात शिकलेली. माघीने मला तिला देऊन टाकलं. लेक झाल्यावर तिचे केस गळू लागले. सगळ्यांचेच गळतात म्हणून तिने वाट पाहिली. लेक दोन वर्षांची झाली तरी थांबेनात. भांग रुंद होत गेला. तिने डोक्यावरून ओढणी घ्यायला सुरुवात केली आणि लग्नकार्याला जायचं टाळू लागली. मला वाटे, दोष माझाच.

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. तरी गळणं थांबेना, म्हणून काही महिन्यांनी पीआरपी केलं. म्हणजे हर्षालीच्याच दंडातून रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि वर आलेलं पिवळसर पाणी बारीक सुयांनी टाळूत टोचलं. संध्याकाळी घरी आली तेव्हा डोकं ठणकत होतं, कपाळ जरासं सुजलं होतं. हातात सूचनांचा कागद. असं दर महिन्याला एकदा, तीन वेळा करायचं होतं.

"आई, ऐका. आज डोकं धुवायचं नाही. तीन दिवस तेल नाही, रंग नाही, कडक ऊन नाही. दुखलं तर मनाने गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं."

"तेल नाय? मग डोक्याला काय चटणी चोळायची?" माघी म्हणाली.

"काहीच नाही. फणीसुद्धा हळू."

मी तीन दिवस कोनाड्यात पडून राहिले. ठणका दुसऱ्या दिवशी गेला, सूज तिसऱ्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र माझ्या दातांत पूर्वीपेक्षा जास्त केस अडकू लागले. हर्षाली ते रोज काढून, तारीख घालून पाकिटात ठेवी. एका सकाळी तिने मला भिंतीवर भिरकावलं. माझा एक दात मोडला.

"पुढच्या महिन्यात मी जाणार नाही. होते तेही चालले!"

माघीने मला उचललं. पाकिटांकडे बघून ती हसली. "अगं, नागलीचं रोप लावलं का आधी मान टाकतंच. आठ दिस आडवं पडतं. तुझ्यावानी रोज उपटून मूळ बघितलं असतं, तर भाकरी कशाची खाल्ली असतीस?"

"डोकं म्हणजे शेत आहे का आई?"

"नाय ना? मग त्या बाईला फोन लाव. माझ्यावर कशाला ओरडतेस?"

हर्षालीने फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काहींचे सुरुवातीला थोडे जास्त गळतात, मग थांबतं. ताप, पू किंवा वाढती सूज असेल तर लगेच ये. फरक तीन-चार महिन्यांनी दिसतो. सगळ्यांना सारखा नसतो, हे मी आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," हर्षाली पुटपुटली. पाकिटं तिने चुलीत घातली आणि ठरल्या दिवशी नाशिकची एसटी पकडली. पुढच्या महिन्यात पुन्हा.

चौथ्या महिन्यात एकदा भांग पाडताना माझ्या बारीक दातांना काहीतरी मऊ लागलं. नखाएवढे, कोवळे केस! मला हर्षालीच्या आधी कळलं, पण सांगू कशी? मी तिथेच अडून राहिले. तिने आरशाजवळ डोकं नेलं.

"आई, इकडे या. खरंच आहेत का मलाच वाटतंय?"

माघीने भांगावरून बोट फिरवलं. "आहेत गं. बोटाला लागतायत."

त्या रविवारी हर्षाली बहिणीच्या हळदीला गेली. ओढणी खांद्यावरच होती.

मित्रांनो, फणी वाळलेल्या केसांतूनच फिरवा. गुंता आधी बोटांनी सोडवा. माझे दात साफ ठेवा, एकमेकांची फणी वापरू नका. केस गळू लागले तर डॉक्टरांना दाखवा, त्यांचं ऐका आणि मग वाट बघा. कोवळे केस आले की मला हलक्या हाताने धरा. पुढचं मी सांभाळून नेईन.