बठ्ठं बेस शे

"कोनी इचारं, कशा शेतस, ते काय सांगशी?"

"बठ्ठं बेस शे."

"आनि?"

"या, बसा. चहा ल्या."

सगळं छान आहे, हे अहिराणीत बिनचूक आलं, आणि सुपडू खूश झाला. धुळ्याच्या दवाखान्यातल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर बसलेल्या आपल्या बायकोचा, प्रमिलाबाईंचा, पदर त्याने नीट केला. केस तेल लावून, पिना खोचून आधीच चापूनचोपून बसवले होते. मेघाच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नातली मोरपंखी साडी त्याने कालच दोंडाईच्याहून आणली होती. सगळं कसं जिथल्या तिथे.

सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या रत्नाताईंनी सकाळी सांगितलं होतं, की दुपारी योजनेच्या डॉक्टर मॅडम मोबाइलवर दिसतील आणि प्रमिलाबाईंना चार प्रश्न विचारतील. प्रश्न म्हटले की सुपडूला एकच उपाय ठाऊक होता, पाठांतर.

या पाठांतराला बावीस वर्षं झाली होती. मेघा दोन वर्षांची असताना प्रमिलाबाईंचं हे सुरू झालं, आणि तेव्हापासून कुणाच्या लग्नाला, बारशाला जायचं झालं की सुपडू गावाच्या शिवेवर गाडी थांबवायचा आणि ही दोन उत्तरं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचा. लोकांना वाटे, बाई बोलायला कमी, पण भारी लाघवी. मेघाला बघायला पाहुणे आले, तेव्हा प्रमिलाबाईंनी एवढ्यावरच सगळी सकाळ निभावून नेली होती. सुपडू मिरची बाजारात मापाडी. काट्यावर बसला की सख्ख्या भावासाठीसुद्धा अर्धा किलो इकडचं तिकडे करायचा नाही. लबाडी काय ती या एकाच बाबतीत, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली, की तिला लबाडी म्हणतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

पण गेल्या महिन्यात प्रमिलाबाई भरदुपारी विहिरीत पाय सोडून बसलेल्या सापडल्या, आणि झाकायचं म्हणून झाकण्यासारखं काही उरलं नाही. योजनेच्या कार्डावर दहा दिवसांची मंजुरी मिळाली होती. ते दिवस आज संपत होते. डॉक्टर म्हणत होते, औषध आता कुठे लागू पडायला लागलंय, अजून काही दिवस इथेच राहायला हवं. मंजुरी वाढली नाही तर घरी. घरापासून विहीर चाळीस पावलांवर, आणि सुपडू दिवसभर मिरचीच्या ढिगांत.

रत्नाताई मोबाइल घेऊन आल्या आणि नटलेल्या प्रमिलाबाईंना पाहून दारातच थबकल्या.

"नाना, हे काय केलंत?"

"मॅडम बघनार ना तिला. म्हणून जरा..."

पुढे बोलायला वेळच मिळाला नाही. मॅडम पडद्यावर आल्या होत्या.

"नमस्कार मावशी. कसं वाटतंय?"

"बठ्ठं बेस शे. या, बसा. चहा ल्या."

मॅडमना हसू आलं. "झोप लागते?"

"लागस."

"आजूबाजूला कुणी नसताना आवाज ऐकू येतात?"

हा प्रश्न पाठांतरात नव्हता. प्रमिलाबाईंनी सुपडूकडे पाहिलं. सुपडूची मान सवयीने आपोआप आडवी हलली.

"नही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मॅडम काहीतरी टाइप करू लागल्या. "पेशंट चांगल्या वाटतायत. घरी गोळ्या देऊन भागेल ना?"

"मॅडम, डॉक्टरांच्या नोंदी पाठवल्यात," रत्नाताई म्हणाल्या.

"त्या वाचल्या मी. नातेवाईक काय म्हणतात? घरी कशा असतात या?"

मोबाइल सुपडूकडे वळला. प्रमिलाबाई हातभर अंतरावर बसल्या होत्या, मोरपंखी साडीत, सगळी उत्तरं बरोबर आलेल्या मुलीसारख्या. मेघाच्या सासरीसुद्धा जे कधी कळू दिलं नाही, ते आता प्रमिलाबाईंच्या देखत बोलायचं होतं. त्याला बायकोची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती.

"मॅडम, ती खोटं..." तो अडखळला. "खोटं ती नही, मी बोलस. मीच शिकाडेल शे तिले. तिले आवाज ऐकू येतस. तिनी माय मरी जायेल शे, पन हिरमाईन बलावस तिले. दोन-दोन दिन जेवस नही, झोपस नही. बावीस साल व्हई ग्यात. घरले लई जासू, ते मी कामले जाऊ, का तिले धरीसन बसू?"

विहिरीला हीर म्हणणाऱ्या या अहिराणीतून, मेलेली आई विहिरीतून बोलावते हे मॅडमना किती कळलं कोण जाणे. पण त्यांनी टाइप करायचं थांबवलं. काट्यावरचं वजन पुकारावं तसं तो बोलला होता, न वाढवता, न घटवता.

"सांगितलंत ते बरं केलंत, दादा," त्या म्हणाल्या.

चार वाजता रत्नाताईंनी येऊन सांगितलं, आणखी दहा दिवस मिळाले. पुढचं पुढे बघू. सुपडूने त्यांना हात जोडले, पण बायकोकडे बघायचा धीर त्याला होईना. तो खाटेच्या पायथ्याशी उभाच राहिला.

प्रमिलाबाई केसांतल्या पिना एकेक करून काढत होत्या आणि त्याच्या हातात देत होत्या.

"मी चुकनी का?"

"नही. तू बराबर सांगं. मी चुकनू."

शेवटची पीन देऊन त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं प्रश्न त्यानेच विचारायचे आणि उत्तरं त्यांनी द्यायची, असंच चाललं होतं.

"तुमले कसं शे?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठं..." एवढं तोंडातून गेलं, आणि पुढचे दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात.

 प्रमिलाबाईंनी खाटेवर जरा सरकून जागा केली.

"या, बसा," त्या म्हणाल्या.

तो बसला.