आता गाडीचं काय?

आई गेल्यापासून जो भेटेल तो मला एकच विचारत होता. "आता गाडीचं काय?"

गाडी म्हणजे गावाची अॅम्ब्युलन्स. नाव मोठं, लक्षण खोटं. कुणीतरी दान दिलेली, रंग उडालेली जुनी व्हॅन. आई ती फुकट चालवायची. पहाटे गोठा, मग भाजीचा मळा, मग स्वयंपाक, आणि कुणी जिन्यावरून पडलं की हातातलं टाकून दवाखान्याच्या वाटेला. हात धुवायलाही थांबायची नाही. "स्टिअरिंगला काय कळतंय!" म्हणायची. दिवसाउजेडी तिने कधी पाठ टेकलेली मला आठवत नाही. लोक कौतुक करायचे, मला मात्र लहानपणी तिचा रागच यायचा. माझ्या वेणीला तिला कधी वेळ नसे.

गाडीही तिच्यासारखीच हट्टी. नुसत्या किल्लीने सुरू व्हायचं म्हणजे तिला कमीपणा वाटे. किल्ली आई कायम गाडीतच ठेवायची, कारण चोरालाही ती सुरू झाली नसती. मागच्या सुट्टीत आईने मला गाडीची खुबी शिकवली. क्लच पूर्ण दाबायचा, किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, मीटरखाली मुठीने एक ठोसा द्यायचा, आणि लाल दिवा विझला की मगच पुढे.

"फक्त तुलाच सांगतेय हं. कुणापाशी बोलू नकोस, नाहीतर जो तो ठोसे मारत सुटेल."

झालं! गोठा आणि मळा भाऊ-वहिनी सांभाळत होते, पण हे लोढणं माझ्या गळ्यात. शहरातली नोकरी मी किती खस्ता खाऊन मिळवली होती. पण मी निघून गेले आणि गाडीवाचून कुणी दगावलं तर? सुट्टी संपत आली तसं मी राजीनामा द्यायचं मनाशी जवळजवळ ठरवलं. त्या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

त्यातच गावाने शाळेच्या हॉलमध्ये आईच्या आठवणीत सभा ठेवली. गुरुजी बोलायला उभे राहिले. "आता त्यांची जागा कोण घेणार?" म्हणाले आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात सुताराचा थोरला मुलगा धापा टाकत दारात आला. "बायकोला कळा सुरू झाल्यात! गाडी काढा कुणीतरी!"

मी उठून शाळेच्या मागच्या अंगणात धावले, गाडी तिथेच उभी असायची. बघते तर व्हॅनच्या दाराला न्हावीकाका आधीच लटकलेले. पलीकडच्या दारातून शिंपीणमावशी आत घुसत होत्या. भाषण अर्धवट टाकून गुरुजीही पोचले.

"मावशी, उतरा. तुमच्याने नाही सुरू व्हायची ती," काका म्हणाले.

"तुमच्यानेच नाही व्हायची! तिची एक खुबी आहे."

"ती मला माहितीय."

"तुम्हाला कशी असेल? ताईंनी ती फक्त मला सांगितली होती!"

मग गुरुजी हळूच खाकरले. "मीटरखाली ठोसा?"

मी ओरडलेच. "अहो, मग महिनाभर बोलला का नाहीत?"

"आम्ही नाही बोललो?" मावशी माझ्यावरच उखडल्या. "येता-जाता विचारतेय, आता गाडीचं काय! आईची गाडी, लेकीने हो म्हटल्याशिवाय हात कसा लावायचा? आणि तू हूं की चूं करत नाहीस!"

"भांडण नंतर करा हो!" सुताराचा मुलगा रडकुंडीला आला.

"चालवा, मावशी," मी म्हणाले. हे दोन शब्द बोलताना माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मावशींनी ठोसा हाणला. दिवा विझला, गाडी खोकली आणि सुरू झाली. काका पुढे बसले, सुताराचा मुलगा मागे, आणि व्हॅन त्याच्या बायकोला घ्यायला सुतारवाड्याकडे वळली.

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. गालात हसत होते.

"तुम्हालाही सांगितली होती?"

"हो. मला सायकलसुद्धा धड येत नाही, तरी सांगितली." ते कट्ट्यावर बसले. "सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, म्हणायची. पण एकट्याच्या कानात सांगितलं की माणूस जिवापाड जपतो. एकेकाला गाठून शिकवलं तिने. अजून किती जण निघतील कोण जाणे."

"मग मला कशाला शिकवलं? मी तर इथे राहतही नाही."

"तुला सगळ्यात शेवटी. म्हणाली, ही काही गाडी चालवायला यायची नाही, येऊही नये. पण गावाला सांगितलं आणि हिला नाही, असं कळलं तर रुसून बसेल."

मी रुसलेच असते. मला हसू आलं, आणि हसता हसता इतके दिवस अडलेलं रडूही आलं. बाबांनी मला रडू दिलं.

मग म्हणाले, "उद्याची बस सकाळची ना? वहिनीला डबा करायला सांगतो."