‘फेज आउट’चा अर्थ

मी एक वही बोलतेय. रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची. एका रुग्णालयातल्या टेलिफोन ऑपरेटर बाईंनी मला विकत घेतलं, तेव्हा दुकानदारानं विचारलं, “नातवासाठी का?”

“माझ्यासाठीच,” बाई म्हणाल्या आणि लाजल्या.

बावीस वर्षं त्या फोनवर बसत. रुग्णालयातले सगळे नंबर तोंडपाठ. पण नवे साहेब आले आणि म्हणाले, “बाई, हल्ली परदेशातून फोन येतात. तीन महिन्यांत बोलण्यापुरतं इंग्रजी शिका, खुर्ची तुमचीच.” मदतनीस म्हणून एक तरुण मुलगी शेजारी आणून बसवली.

जेवणाच्या सुट्टीत मुलगी सांगे, बाई माझ्यात उतरवून घेत. सुटे शब्द त्यांना येत. जोडून आले की नाकी नऊ येत.

“लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर. मग ‘लुक आफ्टर’ म्हणजे नंतर बघू?”

“नाही हो मावशी, काळजी घेणं!”

“कमाल आहे. आपले साहेब ‘नंतर बघू’ म्हणतात, तेव्हा काळजी कुणीच घेत नाही.”

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. ‘रन आउट’ म्हणजे संपणं, ‘पुट थ्रू’ म्हणजे फोन जोडून देणं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. घोकून घोकून माझे कोपरे दुमडले. तिसऱ्या महिन्यात बाई एका परदेशी माणसाशी पाच मिनिटं न अडखळता बोलल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी साहेबांना एक फोन जोडून दिला. रिसीव्हर ठेवायच्या आत साहेबांचं वाक्य कानावर पडलं: “वी विल फेज हर आउट बाय द थर्टिएथ.” बाईंना ‘हर’ कळलं, तीस तारीख कळली. मधलं कळेना.

“फेज आउट म्हणजे काय गं?”

मुलगी पेन्सिलीला टोक करत होती. मान वर न करता म्हणाली, “नवीन काम देणं. बढतीच म्हणा ना.”

बाईंनी ते माझ्यात लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं, सुनेला सांगितलं, शेजारणीला हाक मारून सांगितलं. मी पिशवीत ऐकत होते. मला तरी कुठे माहीत होतं? वहीला अक्कल लिहिणाऱ्याइतकीच.

तीस तारखेला बाईंच्या हातात पत्र पडलं. खुर्ची मुलीला मिळाली.

आठवड्यानं बाई चष्मा न्यायला आल्या. मी खणातच राहिले होते.

“मावशी, वही राहू दे ना. फोनखाली ठेवायला होईल.”

बाईंनी ‘फेज आउट’चं पान उघडलं, अर्थ खोडला आणि वर सावकाश लिहिलं: हळूहळू काढून टाकणं.

“तुला येत होता ना गं अर्थ?”

“मला नोकरी हवी होती, मावशी.”

“मग गप्प बसायचंस. मी निदान घरी सांगितलं नसतं.”

त्या गेल्यावर मुलीनं ते पान फाडून टाकलं. आता टेलिफोन डुगडुगू नये म्हणून मी त्याच्याखाली असते. माझ्यात उरलेले सगळे अर्थ बरोबर आहेत. खुशाल पाठ करा. फक्त अक्षर खोडू नका. या इमारतीत बाईंचं तेवढंच राहिलंय.