पांढऱ्या दोऱ्याच्या बाटल्या

बद्रीनाथने रिकाम्या बाटलीच्या गळ्याचा पांढरा दोरा सोडला आणि बाटली गरम पाण्यात बुडवली. राजूरच्या दवाखान्यात तो कंपाउंडरीचं शिक्षण घेत होता, म्हणजे दिवसभर बाटल्या धूत होता. टेबलामागून डॉक्टर रामरावांनी विचारलं,

"लाल दोऱ्याची किती पोरं बरी झाली?"

"विसातली बारा, साहेब."

"आणि पांढऱ्याची?"

"विसातली अकरा."

"मग? एकाचा फरक काय सांगतो?"

"काहीच नाही. एवढा फरक योगायोगानंही पडतो."

"शाबास! औषध निकामी. तसं हैदराबादला कळवू आणि बाटल्या बंद करू."

महायुद्धामुळे हिवतापावरचं कोयनेल मिळेनासं झालं होतं. त्याच्याऐवजी हे नवं औषध हैदराबादहून आलं, तेव्हा डॉक्टरांनी धनगरवाड्यात एकाआड एक घरांना औषध आणि मधल्या घरांना नुसतं गुळाचं पाणी दिलं. औषधाला लाल दोरा, पाण्याला पांढरा. वाड्यात कुणाला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला? मेंढरं राखणारी माणसं, त्यांना काय कळतंय!

"पण साहेब," बद्रीनाथ चाचरला, "फरक दिसला नाही म्हणजे औषध निकामीच, असं कसं म्हणायचं?"

"आता तू मला शिकवणार?"

तेवढ्यात साखराबाई दारात आली. वाड्यातल्या पांढऱ्या दोऱ्याच्या घरातली ही म्हातारी. कडेवर तिचा नातू बिरू होता, घोंगडीत गुंडाळलेला.

"बाटली द्या जल्दी. औषध सरलं, अन् कालपासून पोरगं पुन्ना हुडहुडून राह्यलं."

"बाटल्या बंद झाल्या, बाई. त्या औषधात दम नाही."

"दम न्हाई? उठून खेळाया लागलं व्हतं की पोरगं! लाल दोऱ्याचं कडू जहर, लेकरं थुंकायची. मंग आम्ही समद्या बाटल्या एका तपेल्यात वतल्या, कडू अन् गोड, अन् घरोघर बराबर वाटून दिलं. तुम्ही त्याच्यासाठीच गोड दिल्तं न्हवं?"

डॉक्टर ताडकन उठले.

"वाट लावली! सगळ्या कामाची वाट लावली तुम्ही लोकांनी! अहो, पांढऱ्या दोऱ्याचं नुसतं पाणी होतं, पाणी! औषध चालतं की नाही, तेच बघायचं होतं. आता काय डोंबल कळणार?"

साखराबाईने बिरूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तिचा आवाज चढला.

"पाणी? तापानं फणफणलेल्या लेकराला पाणी दिलं तुम्ही? अन् हितं बसून मोजून राह्यले?"

"तसं केल्याशिवाय समजत नाही, बाई. काहींना द्यायचं, काहींना नाही. मग ताडून पाहायचं."

"ते मला नका सांगू! कळपात रोग आला तर आमचे धनी निम्म्याच मेंढरांना नवं औषध पाजत्यात, अन् त्यांना गेरू लावत्यात. मेंढराला इचारता येत न्हाई, म्हणून न्हाई इचारत. मला तोंड व्हतं ना, डाक्टरसाहेब? मला का न्हाई इचारलं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"बद्रीनाथ, याला लाल दोऱ्याची बाटली दे," ते म्हणाले. "बाकी पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

साखराबाईने बाटली पदराखाली घेतली.

"करा की. पर पांढरा दोरा ज्या घरी द्यायचा, तिथल्या लेकराच्या मायला समोर उभी करा. हे नुसतं पाणी असंल, असं तिला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. ती हो म्हणली तर द्या."

ती उंबऱ्यातून हलली नाही. डॉक्टरांनी खण उघडून पांढऱ्या दोऱ्याची गुंडी काढली आणि तिच्याकडे न बघता बद्रीनाथपुढे धरली.

"उद्या वाड्यावर जा. काय सांगायचं ते तूच सांग त्यांना."

बद्रीनाथने सदऱ्याला हात पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिला. गुंडी त्याने घेतली नाही.

"तुम्ही चला, साहेब," तो म्हणाला. "बाटल्या मी उचलून आणतो."