मुंगीचा पाव

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "कुठेतरी गळती आहे. मुलीच्या पोटात गहू जातोय."

"शक्यच नाही," मी म्हणालो. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. माझा आवाज चढायच्या आधीच तिला कळतो.

कागदावर रक्ततपासणीचा आकडा होता एकशे बासष्ट. हवा दहाच्या आत. वर्षापूर्वी आजार कळला तेव्हा एकशे ऐंशी होता. म्हणजे वर्षभर एवढा आटापिटा करून आम्ही काय मिळवलं, तर अठरा. मुलगी नऊ वर्षांची, पण पहिलीच्या रांगेत उभी केली तर कोणाला शंका येणार नाही. आम्ही तिला मुंगी म्हणतो. लाडाने म्हणायला लागलो होतो, आता म्हणताना माझी जीभ अडखळते.

आजार सांगायला सोपा आहे. गव्हात, जवात जो चिकटपणा असतो ना, त्याने हिच्या आतड्याचं अस्तर झिजतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. गव्हाचा कणसुद्धा पोटात जाऊ द्यायचा नाही, जन्मभर, एवढा एकच उपाय. आणि बाप कोण? बेकरीवाला. हसा. सगळेच हसतात.

"पुढच्या सोमवारी दुर्बीण घालून आतडं बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोपर्यंत गळती सापडली तर उत्तम. नाही सापडली, तर पथ्याने हिचा आजार हटत नाही असं धरावं लागेल आणि जोराची औषधं सुरू करावी लागतील. वाढत्या मुलीला ती द्यायची म्हणजे माझ्याही जिवावर येतं. आधीच हाडं कच्ची आहेत." मग त्यांनी विचारलं, "हिचा पाव कोण करतं?"

"मी. वेगळं पीठ, वेगळी भांडी, वेगळं टेबल."

कुठे करता, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वर्षापूर्वी आहाराचं सांगणारी एक बाई म्हणाली होती, "गव्हाच्या बेकरीत करू नका, घरी करा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बावीस वर्षं पिठात काढलेल्या माणसाला ही कालची पोरगी पीठ शिकवणार! घरच्या त्या डबड्या ओव्हनमध्ये पाव होतो का कधी? वरून करपतो, आतून लगदा. मी रविवारी करायचो. बेकरी बंद, शनिवारीच फरशी धुतलेली, टेबल गरम पाण्याने घासलेलं. तांदूळ, मका आणि बटाट्याचं सत्त्व, असं मिश्रण मी सात महिने खपून जमवलं होतं. आठवड्याचे चौदा पाव. सकाळी मी मुंगीच्या समोर बसायचो आणि तिला पहिला घास घेताना बघायचो. दिवसभरात दुसरं काही चांगलं घडलं नाही तरी चालायचं मला.

तर माझ्याकडे सात दिवस होते.

मंगळवारी स्वयंपाकघर उपसलं. सॉस, मसाले, सुपाची पाकिटं, सगळ्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली आणि शंका आली ते सरळ कचऱ्यात टाकलं. काही सापडलं नाही.

बुधवारी सासूबाई सापडल्या. म्हणजे मला तसं वाटलं. त्या आमच्याकडेच राहतात, चहात बिस्किट बुडवून खातात. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा पुडा होता, अर्धा संपलेला, आणि मुंगी रोज दुपारी त्यांच्या शेजारी बसून अभ्यास करते.

"आई, खरं सांगा. एखादं देता ना तिला? एकाने काय होतंय म्हणून?"

त्यांनी चष्मा काढला. "जावईबापू, मी माझ्या नातीला विष घालीन?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग काय म्हणालात?"

मला तिथेच थांबता आलं असतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. शब्दाने शब्द वाढला. म्हाताऱ्या माणसांना पथ्य म्हणजे थेरं वाटतात, असंही मी बोलून गेलो. संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली आणि धाकट्या मुलीकडे निघून गेल्या. जाताना मुंगीचे केस विंचरून दिले, माझ्याकडे बघितलंही नाही. बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. चोर सापडला म्हणजे औषधं टळली, असा माझा हिशेब.

गुरुवारी शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी कोणाच्या डब्याला हात लावत नाही. खरं तर स्वतःच्याही फारसा लावत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात घुमत राहिलं. शुक्रवारी ती अंघोळीला गेल्यावर मी तिचं दप्तर उघडलं. तळाशी, रंगपेटीच्या खाली, कागदात गुंडाळलेले तीन पाव. माझे पाव. एक तर दगडासारखा वाळला होता.

ती ओल्या केसांनी बाहेर आली, तर मी पाव हातात धरून उभा.

"हे काय आहे?"

तिने दप्तर माझ्याजवळून ओढून घेतलं.

"डबा फेकून देतेस? मग पोट कशाने भरतेस? कोणाचं खातेस? बोल!"

"कोणाचंच नाही."

"खोटं! रक्त खोटं बोलतं का? त्या कागदावरचा आकडा खोटा आहे का? तुझ्या आजीला मी घराबाहेर काढलं, आणि तू..."

माझा हात वर गेला होता. शपथेवर सांगतो, मी मारणार नव्हतो. पण गेला होता वर. बायको मध्ये येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या गळ्याला लागला.

"हात खाली," ती म्हणाली.

मी खाली घेतला. मुंगी रडली नाही. टॉवेलचं टोक पिळत राहिली फक्त. त्या रात्रीच्या जेवणाला आणि शनिवारी दोन्ही वेळा मी स्वतः तिच्यासमोर बसलो. "संपव. पूर्ण संपव. माझ्यासमोर." तिने पाव संपवले. एकेक घास चावून, पाण्याबरोबर गिळून. रविवारी सकाळीही एक. बाहेरचं काही तिच्या पोटात जाऊ नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

रविवारी मी किल्ली घेऊन निघालो तर बायकोही चप्पल घालत होती.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. बेकरीत."

"काम करताना मला कोणी मध्ये चालत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणूनच वर्षभर कोणी बघितलेलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे? संशय माझ्यावर?"

"आमच्या कारखान्यात गोळ्या भरताना दोघींनी बसायचं असतं," ती म्हणाली. ती औषधं पॅक करायच्या कारखान्यात तपासनीस आहे. "एकीने भरायचं, दुसरीने तिच्या हातांकडे बघायचं. कामाकडे नाही, हातांकडे. स्वतःचे हात कोणाला दिसत नाहीत, म्हणून नियम आहे. कितीही जुनी बाई असो. चला."

ती भट्टीसमोर पालथ्या क्रेटवर बसली. मीही म्हटलं, बघ बाई, बघच एकदा. धुतलेला सदरा घातला. कोपरापर्यंत हात धुतले, नखं ब्रशने घासली. मुंगीची भांडी निळ्या झाकणाच्या पेटीत असतात, ती काढली. टेबल पुन्हा पुसलं. पीठ मोजलं, पाणी घातलं, मिसळलं. प्रत्येक गोष्ट करताना मी मुद्दाम मोठ्याने सांगत होतो, परीक्षेला बसल्यासारखा. तिची नजर माझ्या हातांवर होती.

हे पीठ गव्हासारखं ताणलं जात नाही, हाताला चिकटतं. म्हणून गोळे वळताना टेबलावर कोरडं पीठ भुरभुरावं लागतं. त्यासाठी उजवीकडे तांदळाच्या पिठाचा वाडगा ठेवलेला. तोही मी तिला दाखवला.

मग पहिला गोळा घेतला आणि तोंड पुन्हा सुरू झालं. "आता कळलं ना कसं करतो ते? तुझ्या आईला काय वाटतं, मी उगाच बोललो? माणूस जीव तोडून करतो, आणि घरातली माणसं..."

"थांबा," ती म्हणाली.

"का? लागलं ना मनाला?"

"हलू नका. आहात तसे थांबा." ती उठून उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक. "डावा हात बघा तुमचा."

मी बघितलं. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी. टेबलाच्या डावीकडे भिंतीला एक लाकडी खोका ठोकलेला आहे, गव्हाच्या कोरड्या पिठाचा. बावीस वर्षं तिथेच आहे. दिवसाला हजार वेळा माझा हात त्यात जातो, मूठ घेतो आणि टेबलावर झटकतो. गोळ्याखाली पांढरा पट्टा पसरला होता, ताजा.

"मी नाही," मी म्हणालो. खरंच म्हणालो असं. माझाच हात, आणि मी म्हणतोय मी नाही.

"बोलता बोलता गेला. तुम्ही तिकडे बघितलंसुद्धा नाही." तिने उजवीकडचा वाडगा उचलून माझ्यासमोर धरला. तांदळाचं पीठ वरून सपाट होतं, चमच्याने सारखं केल्यासारखं. त्यात बोट उमटलेलं नव्हतं. "हा वाडगा शेवटचा कधी भरलात?"

मला आठवेना. वर्षभरातला एकही रविवार आठवेना. मी टेबल धरलं.

पन्नासेक रविवार. दर रविवारी चौदा पाव. आणि शुक्रवारपासून तर मी पहारा देऊन खाऊ घातले होते.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडायला लागली, उभ्या उभ्या, वाडगा हातात धरून. मग डोळे पुसून तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून त्या बराच वेळ बोलल्या. दुर्बीण आता पुढे ढकलू, औषधं नकोत, बेकरीतलं सगळं बंद, तीन महिन्यांनी रक्त बघू. बायको नुसती "हो, हो" म्हणत होती. तोपर्यंत मी सगळं मळलेलं पीठ कचऱ्यात टाकलं होतं.

औषधं टळली होती. ज्यासाठी आठवडाभर जिवाचं रान केलं, ते झालं होतं. पण घरी जाताना मी बायकोच्या मागे मागे चालत होतो.

शेजारच्या काकूंकडून मुंगीला घेऊन आलो. ती आपल्या खोलीत गेली, मीही मागोमाग गेलो. उभ्याने सांगायचं धाडस होईना म्हणून तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसलो.

"मुंगे, पावात गहू होता. माझ्या हातून पडत होता. तुझी काही चूक नाही, आजीचीही नाही. मी चुकलो."

तिने उशी मांडीवर ओढली. मग म्हणाली, "गव्हाचं मला माहीत नव्हतं. पण तुमचा पाव खाल्ला की दुखायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

आवाज चढलाच माझा. ती चटकन भिंतीकडे सरकली. नऊ वर्षांची पोर, माझ्या आवाजाबरोबर किती सरकायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं.

मी आवाज खाली आणला. "का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही तसं विचारायचा नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून विचारायचात, छान झालाय ना? मग मी हो म्हणायचे."

बायको दारात उभी होती.

"आता दुखतंय?" मी विचारलं.

मुंगीने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रागावणार नाही ना?"

"नाही."

"हो," ती म्हणाली आणि दोन्ही हात पोटावर धरले. "खूप दुखतंय, बाबा."